प्रयागबाईचं पांढरं

प्रयागबाईला रंग कळत नव्हते असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. तिला सगळे रंग कळायचे, फक्त मान्य नव्हते. मोतिया, राखाडी, ताकासारखं, उन्हानं पिवळं पडलेलं, निळीत जास्त वेळ बुडून निघालेलं, हे सगळं तिच्या लेखी पांढरं. "अहो, हे पांढरं नाही," म्हटलं की ती ते कापड माझ्या हातातून घ्यायची, एकदा झटकायची, परत माझ्याच मांडीवर ठेवायची आणि विचारायची, "मंग काय काळं हाय का?"

याला उत्तर काय द्यायचं? काळं तर नसायचं. तेवढ्यावर ती जिंकायची आणि चहा मागायची.

जवळा बाजारला आमच्या घरामागच्या गल्लीत तिचं घर. शेत चांगलं, हळद आणि सोयाबीन. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा चाकणला कारखान्यात. म्हणजे खाऊनपिऊन सुखी बाई. तरी कायम काखेत एक बोचकं आणि बोचक्यात गावभरची जुनेरं. गावात नव्यानं आलेल्या माणसाला वाटावं, बिचारीचं काही खरं नाही, भाकरतुकडा द्यावा. असं एकदा एका नव्या नर्सबाईंना वाटलंही. प्रयागबाईनं ती भाकरी घेतली, खाल्ली, मीठ कमी असल्याचं सांगितलं आणि निघताना त्यांच्या दोरीवरची फाटकी ओढणी मागून घेतली.

माझ्यापेक्षा ती दहाबारा वर्षांनी मोठी. मी तिला अहोजाहो करायची. ती मला 'मास्तरीन' म्हणायची, कारण आमचे हे शाळेत मास्तर होते, गावाचे गुरुजी, आता निवृत्त झालेत. आणि मला अगंतुगं करायची. इथं लिहिताना मात्र मी तिला 'ती'च म्हणणार आहे. एवढा सूड मला घेऊ द्या.

ती कधी घरात येऊन बसली नाही. उंबऱ्यावर टेकायची आणि म्हणायची, "बसत न्हाई, निघालेच." हे म्हणून झालं की तिचं बसणं सुरू व्हायचं. भाजी चुलीवर चढायची आणि उतरायची, गुरुजींची दुपारची झोप व्हायची, दळण येऊन पडायचं, आणि प्रयागबाई निघालेलीच असायची. चहा विचारला की घोटभर म्हणायची. घोटभर दिला की कपात डोकावून बघायची आणि घरात साखर संपली का म्हणून विचारायची. मी मनात ठरवायची की उद्यापासून दाराला आतून कडी. उद्या ती आली नाही तर चार वाजेपर्यंत मीच दोनदा गल्लीत डोकावून यायची. ही डोक्याला झालेली सवय, दुसरं काही नाही.

अशा बाईबरोबर मी दोन रंगांची गोधडी करायला घेतली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

त्याचं कारण मेघा. मेघा आमची एकुलती एक. नाशिकला नोकरीला गेली आणि तिथंच तिनं लग्न केलं. मुलगा चांगला आहे, पण जात दुसरी, आणि आम्हाला कळलं ते लग्न होऊन गेल्यावर. गुरुजींनी त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं. या घरातून एक चिंधीही तिकडं जाणार नाही, असं ते मला बजावून म्हणाले होते. मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांच्या आडून लेकीशी फोनवर बोलायची. तिला दिवस गेले तेव्हा तिनं मोबाइलवर एक फोटो पाठवला. लाल आणि पांढऱ्या तुकड्यांची लहानशी गोधडी. "आई, अशी करशील? अगदी अशीच. दोनच रंग." दोन वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, करते. आणि जे मागितलंय ते मला अगदी तसंच द्यायचं होतं, त्यात सुताचाही फरक नको होता. ही गोष्ट मी प्रयागबाईला नीट समजावून सांगितली होती.

लाल माझ्याकडं होतं. आयुष्यभर ओटीत आलेले खण ट्रंकेत पडून होते, शिवाय माझ्या दोन जुन्या साड्या. पांढरं तिच्याकडं. तिच्या घरात तीन पिढ्या धोतर नेसणाऱ्या, ट्रंक उघडली की सगळं पांढरंच. ठरलं असं की मी माझ्या लालातलं अर्धं तिला द्यायचं, तिनं तिच्या पांढऱ्यातलं अर्धं मला, आणि दोन गोधड्या करायच्या. एक मेघाच्या बाळाची, एक प्रयागबाईची. तिला कुणासाठी हवी म्हणून विचारलं तर म्हणाली, "मला. म्हातारपन बी लेकरूच हाय की." इतकी सरळ अदलाबदल. शाळेतली पोरं गोट्यांची करतात तशी.

पहिल्या खेपेला तिनं बोचकं सोडलं. वरती दोन धोतरं होती, चांगली, मऊ. त्याखाली एक पिवळा परकर, एक हिरवं पोलकं, कुणाच्या तरी पँटचा पाय आणि बियाण्याची एक कापडी पिशवी. पिशवी पांढरी होती हे मी मान्य करते. तिच्यावर हिरव्या ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, 'खाण्यास अयोग्य'.

मी म्हटलं, हे बाळाच्या गोधडीला लावू मी?

"मंग खरंच हाय की," ती म्हणाली. "गोधडी कुठं खायची आस्ती?"

मी पिशवी बाजूला ठेवली. पोलकं, परकर, पँटचा पाय, सगळं बाजूला ठेवलं. विचारलं, हे आणलंच कशाला? तर कुणी कुणी दिलं होतं. ती गल्लीतून चालली की लोक द्यायचे, आणि कुणी दिलेल्याला न्हाई म्हनू ने, हा तिचा आयुष्याचा कायदा. अमकीनं बाळंतपणातलं पोलकं काढून दिलं, तिला काय सांगू, मास्तरीनला हिरवं चालत न्हाई? मी म्हटलं, हो, तसंच सांगा. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्या बाईच्या तोंडावर दार आपटलं होतं. मग मी नाकारलेला एकेक तुकडा तिनं घडी करून बोचक्यात परत ठेवला. "आसू दे," ती म्हणाली. "लागल कुठंतरी."

हे 'लागल कुठंतरी' मी पुढचे तीनचार महिने ऐकलं. ऐकून कान किटले. त्याचा अर्थ काय असेल हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, पण मी लालपांढऱ्याच्या नादात होते.

बाजाराच्या दिवशी तर तिच्याबरोबर जाऊच नये. एकदा गेले. लसूण घ्यायला एका म्हाताऱ्यापाशी थांबलो. त्याच्या डोक्याला लाल पटका. प्रयागबाई लसूण बघायचा सोडून पटका बघायला लागली. माझं लाल तिला पहिल्यापासून पसंत नव्हतं. लई गप गप हाय म्हणायची, त्याला बोलतं लाल पाहिजे. मी तिचा पदर ओढला. तोपर्यंत तिनं विचारलं होतं.

"बाबा, हे पटका जुना झाला की मला द्या."

म्हातारा एवढा संतापला की वजनात टाकलेला लसूण परत ढिगात टाकला. चारचौघांत माणसाच्या डोक्याचं मागतेस, तुझ्या घरी काही रीतभात आहे का, असं बरंच बोलला. आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. मी मान खाली घालून चालू लागले. ती तिथंच उभी राहून त्याला बाळाची गोष्ट सांगत होती. माझ्या लेकीची, माझ्या घरातली, जी मी गावात कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही, कारण बोलत तीच होती.

पुढच्या बाजारी तो म्हातारा आमच्या दारात. हातात घडी केलेला पटका. प्रयागबाईनं त्याला माझा पत्ता दिला होता, तिचं घर बंद असतं म्हणून. तो ओट्यावर बसला, चहा घेतला, मग जेवला. हा पटका त्यानं पोरीच्या लग्नात बांधला होता, ती पोर आता सासरी आजी झाली, हे सगळं सांगितलं. मी पटका उलगडला. लाल कसला, धुऊन धुऊन गुलाबी आणि नारिंगीच्या मधलं काहीतरी झालं होतं. पण ज्यानं डोक्यावरचं काढून आणून दिलं त्याला तोंडावर कसं म्हणायचं की हे लाल नाही? मी हसून ठेवून घेतला. तो गेल्यावर प्रयागबाईच्या घरी जाऊन तिच्या पुढ्यात आदळला आणि सांगितलं की हा माझ्या गोधडीला लागणार नाही म्हणजे नाही.

"बरं," ती म्हणाली. "आसू दे, लागल कुठंतरी."

पौष सरत आला, तुरी निघाल्या. चौकोन कापून झाले, अदलाबदल झाली. म्हणजे मी दिलं आणि तिनं मागून घेतलं; तिनं दिलं आणि परत मागितलं. एक धोतर तिनं मला दिलं, मी त्याचे चौकोन केले, आणि आठवड्यानं ती म्हणाली, हे ह्यांचं पंढरपुरी धोतर होतं, ह्यातलं एक मला पाहिजे. दिलं. मग म्हणाली, दोन. देताना मी विचारलं की बाई, एकदाच सांगा, किती धोतर माझं आणि किती तुमचं. ती म्हणाली, कापडात माझं-तुझं कुठं आस्तं.

आणि मग तिनं आज्याचं काढलं.

एका दुपारी उंबऱ्यावर टेकल्याटेकल्या म्हणाली, गोधडीत समदे आले, आज्याचं कापड कुठं हाय? मी म्हटलं, गुरुजींचं एकही कापड लाल नाही आणि पांढरं नाही. त्यांचे सगळे सदरे चौकड्यांचे, निळे नाहीतर करडे. आणि असतं तरी त्यांनी दिलं नसतं, तुम्हाला माहीत आहे. तिनं बराच वेळ सुपारी चघळली.

"आज्याचं कापड पाहिजेच मास्तरीन," ती म्हणाली. "त्याबिगर लेकराला आपलं घर कळत न्हाई. म्या इचारते गुरुजीला."

मी हात जोडले. खरोखर जोडले. म्हटलं, प्रयागबाई, तुम्ही काय वाटेल ते करा, पण त्यांच्यासमोर मेघाचं नाव काढू नका. घरात आत्ता कुठं शांतता आहे. त्यांना कळलं की मी गोधडी तिकडं पाठवतेय, तर तीही जायची नाही. तेवढी एक वस्तू मला तिला पाठवू द्या. माझा आवाज चढला असावा, कारण ती लगेच बरं बाई म्हणाली.

त्यानंतर मी देवळातून नाहीतर दुकानातून परत यायची तेव्हा बऱ्याचदा प्रयागबाई आमच्या ओट्यावर बसलेली दिसायची. आरामखुर्चीत गुरुजी, तोंडासमोर पेपर. खाली ती, सुपारी कातरत. दोघंही गप्प. मला वाटायचं, माझी वाट बघत बसली असेल. मला बघून ती उठायची आणि म्हणायची, "बसत न्हाई, निघालेच," आणि त्या काळात ती खरंच निघून जायची. तेव्हाही मला काही सुचलं नाही. उलट बरं वाटलं, की बाई सुधारली.

त्याच सुमारास गुरुजींचा एक सदरा गेला. फिकट निळ्या चौकड्यांचा, खिशाच्या तळाशी शाईचा डाग असलेला. ते मेघाला कॉलेजात घालायला गेले तेव्हा हाच होता अंगात, आणि तिच्या फॉर्मवर सही करून पेन उघडंच खिशात ठेवलं म्हणून तो डाग. कॉलर मी उलटून लावलेली. मी कपाट पाहिलं, दोरी पाहिली, इस्त्रीवाल्याकडं जाऊन भांडून आले. तो बिचारा देवाची शपथ घ्यायला लागला. मग मी प्रयागबाईकडं गेले. तिचं बोचकं माझ्यासमोर उलटं करायला लावलं.

"मला काय करायचं गुरुजीच्या सदऱ्याचं?" ती म्हणाली. "निळा हाय न ते? निळं तुला चालत न्हाई."

चेहरा इतका सरळ की मला माझीच लाज वाटली. घरी येऊन गुरुजींना सांगितलं, सदरा सापडत नाही. ते म्हणाले, जाऊ दे, जुना झाला होता. पेनाचं टोपण हरवलं तर अख्खं घर उचलून ठेवणारा माणूस हा. मला वाटलं, वय झालं.

गोधडी अंथरायचं ठरलं तिच्या घरी, कारण तिची ओसरी मोठी. मी जेवणं आटोपून जाईपर्यंत बाईनं थर लावून, चारी कडांना टाके घालूनसुद्धा टाकले होते. मी म्हटलं, थांबायचं तरी. ती म्हणाली, ऊन चाललं होतं. वरचे चौकोन मी घरून जोडून दिले होते, पण मधोमध एक पांढरा तिनं उसवून बदलला होता. तिथं तिच्या नवऱ्याचं ते धोतर, इतकं विरलेलं की त्यातून बोटं दिसावीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यात मधला, सगळ्यांच्या डोळ्यांत भरणारा चौकोन, आणि तिथं हे जाळं? मी उसवायला सुई घेतली. तिनं माझा हात धरला. तिच्या हाताला एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हे ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बाकी समदं तुझं आयकलं. हे येक माझं आयक."

बाकी काय ऐकलं होतं, देव जाणे. पण मला भांडायचा कंटाळा आला होता, आणि बाळाचे दिवस भरत आले होते. आम्ही समोरासमोर बसून धावदोरा घातला. माझे टाके सरळ, तिचे वाळलेल्या नदीसारखे, पाहिजे तिकडं वळलेले. शेवटचा कोपरा राहिला तेव्हा तिनं मला पाणी आणायला पाठवलं. परत आले तर ती त्या कोपऱ्यात नखाएवढा भाकरीचा तुकडा सरकवत होती. गोधडी उपाशी शिवू ने, म्हणाली. मी म्हटलं, मुंग्या लागतील. ती म्हणाली, त्या बी लेकरंच. मी तिच्याशी वाद घालणं त्या कोपऱ्यापुरतं सोडून दिलं.

होळी झाली आणि तिचा मुलगा गाडी घेऊन आला. गुडघे फार धरायला लागले होते तिचे, एकटीला पायऱ्या उतरता येईनात. शेत बटईनं दिलं, घराला कुलूप, आणि प्रयागबाई चाकणला. जायच्या दिवशी अख्खी गल्ली गोळा झाली. गाडीत तिची पेटी, हळदीची पिशवी, आणि मांडीवर तिची गोधडी, लाल आणि पांढरी, टाके वाकडे. मला रडू येईल अशी मला भीती होती. तिनं ती वेळ येऊ दिली नाही. गाडी सुरू झाली आणि तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मास्तरीन, पाठवायच्या आधी धुऊन घे. आन उन्हात वाळू घाल, सावलीत न्हाई. गच्चीवर. बराबर उन्हात."

एवढ्या वर्षांची ओळख, आणि जाता जाता बाई मला गोधडी वाळवायला शिकवत होती. मी हो हो म्हटलं. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती हातानं वर, आभाळाकडं खुणा करत होती. तिचं मला झालेलं शेवटचं दर्शन हे: एक पांढऱ्या केसांचं डोकं आणि वर बोट.

मी गोधडी धुतली. गच्चीवर नेऊन, मुद्दाम तिचं ऐकायचं म्हणून नव्हे, ऊन तिथंच असतं म्हणून, दोरीवर टाकली. सुरकुत्या काढायला पुढं झाले तर उन्हाकडं तोंड. ओल्या पांढऱ्यातून पलीकडचा उजेड आला आणि मी बघतच राहिले.

एका पांढऱ्याच्या आत हिरवं होतं. ते बाळंतपणातलं पोलकं. शेजारच्यात पिवळं, तो परकर. एकात उलटी अक्षरं दिसत होती, मी वाचली नाहीत, मला पाठ होती. खालच्या ओळीत गुलाबी आणि नारिंगीच्या मधलं ते काहीतरी. मी नाकारलेलं झाडून सगळं तिनं पोटात घातलं होतं. बाहेरून माझे दोन रंग आणि आत अख्खा जवळा बाजार. माझा राग असा उसळला की ती समोर असती तर मी तिला त्याच गोधडीत गुंडाळलं असतं. एवढे महिने मी जपलं काय आणि ही बाई करत होती काय?

मग मधला चौकोन दिसला. ते विरलेलं धोतर ओलं होऊन नाहीसंच झालं होतं. त्याच्या आत फिकट निळ्या चौकड्या होत्या, खिशाची शिवण होती, आणि खिशाच्या तळाशी शाईचा डाग.

मी दोरी धरून उभी राहिले. मागं जिन्यात गुरुजींची चप्पल वाजली. ते गच्चीवर सहसा येत नाहीत. "वाळली का?" त्यांनी विचारलं. मी कोणती गोधडी, कुणाची, काही बोलले नव्हते त्यांच्याशी कधी. मी नुसतं बोट दाखवलं.

ते जवळ आले. चष्मा वर करून त्यांनी आपल्या खिशाकडं पाहिलं.

"तिनं मागितला," ते म्हणाले.

"आणि तुम्ही दिलात?"

"पहिल्या दिवशी मागितला. मी नाही म्हणालो. मग रोज येऊन ओट्यावर बसायला लागली. बोलायची नाही काही, नुसती सुपारी कातरायची. त्या बाईला नाही म्हणून बघ तू एकदा." मग म्हणाले, "मीच काढून दिला. म्हटलं, ने, पण हिला सांगायचं नाही."

मी विचारलं, का? गोधडीचा एक कोपरा दुमडला होता तो त्यांनी सरळ केला, चिमटा काढून दुसरीकडं लावला, परत पहिल्या जागी लावला. मग दोरीकडंच बघत म्हणाले, "पार्सलबिर्सल करू नको. कुठं तरी भिजली-बिजली म्हणजे? आपण नेऊन देऊ."

मला रडू आलं. दोन वर्षांचं साठलेलं एकदम आलं. गुरुजी माझ्याकडं न बघता टाकीतलं पाणी तपासायला गेले आणि बराच वेळ तपासत राहिले.

खाली आल्यावर मी प्रयागबाईला फोन लावला. मुलानं तिला नवा मोबाइल दिला होता. तिला बघावं म्हणून मी व्हिडिओ कॉल केला. तिनं तो घेतला आणि कानाला लावला. माझ्या मोबाइलभर प्रयागबाईचा कान. कानात जुनी मोत्याची कुडी, कुडीशेजारी पांढरी बट. मी म्हटलं, फोन तोंडासमोर धरा. म्हणाली, तोंडानं आयकू कसं येईल? मी सोडून दिलं आणि त्या कानालाच सांगितलं की सदरा सापडला.

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात," मी म्हटलं.

"खोटं काहून बोलू? निळं तुला चालत न्हाई म्हणले. चालतंय का?"

मी म्हटलं, मला एका शब्दानं सांगायचं होतं.

"गुरुजी म्हणले, सांगायचं न्हाई," प्रयागबाई म्हणाली. "म्या सांगितलं का? दाखवायचं न्हाई, आसं न्हाई म्हणले."

मग तिनं विचारलं की कधी निघताय. मी काही सांगितलेलं नव्हतं, तरी विचारलं. मी म्हटलं, या आठवड्यात. ती बरं म्हणाली, आणि गोधडी धुताना मी साबण जास्त घातला असणार असंही म्हणाली. मला हसूही येत होतं आणि संतापही. आणि एकदम एक शंका आली. तिची गोधडीही तिनंच लावली होती, थर आणि कडा, सगळं एकटीनं.

"प्रयागबाई, तुमच्या गोधडीच्या पोटात काय काय घातलंय?"

कुडी जराशी हलली. ती हसत असावी.

"तुला काय करायचं? उन्हात धरून बघायला तू हितं हायेस का?"

आणि फोन बंद झाला, किंवा तिच्या बोटानं बंद झाला.

त्या दिवसापासून मी माझं कपाट दोनदा रिकामं करून लावलंय. साड्या मोजल्या, पोलकी मोजली, ट्रंक पाहिली. काय नाहीसं झालंय ते अजून सापडलेलं नाही. पण माझं काहीतरी चाकणला गेलंय, एवढं नक्की.